गावची ताटे जप्त करण्याचा हुकूम लवकर व्हावा म्हणून

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, तालुका मजकूर, जिल्हा बीड

विषय: अर्जदाराच्या घरी अडकलेली गावकऱ्यांची ताटे पंचांसमक्ष जप्त होण्याबाबत.

संदर्भ: गहिनीनाथ यांच्या फिर्यादीवरून अर्जदारास मिळालेली आपल्या कचेरीची नोटीस.

मेहेरबान साहेब,

अर्जदार बिभीषण वल्द तात्याबा बहिरवाळ, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळटाके, नेकनूरच्या बाजारवाटेवर, नोटिशीला जबाब म्हणून लिहितो की आरोप कबूल आहे. ताटे माझ्याच घरी आहेत. बरीचशी पितळी, एक काशाचे, सगळी घासून भिंतीशी उभी लावली आहेत. आठ दिवसांत ती चावडीवर पोचती करावीत असा आपला हुकूम आहे. तो मला पाळता येत नाही, आणि खरे सांगायचे तर पाळायचाही नाही. का ते खाली लिहितो.

आधी भाषेबद्दल माफी मागतो. कचेरीचा कारभार उर्दूत चालतो, अर्जही उर्दूत हवा हे मला ठाऊक आहे. पण उर्दू लिहिणारा अर्जनवीस आपल्या कचेरीच्या दारात बसतो. तिथवर मला चालता आले असते तर हा अर्ज करायची पाळीच आली नसती.

१. या गावात कोणाचेही कार्य असो, लग्न, बारसे किंवा तेरावे, पंगत बसवायचा आणि उठवायचा मान माझा होता. हा मान कागदावर नाही, त्याची सनद मागू नये. आमटीची बादली माझ्या हाती आणि भाताची पाटी गहिनीनाथच्या हाती, अशी आमची जोडी मिसरूड फुटल्यापासूनची. मारुतीच्या पारापासून वेशीपर्यंत लोक बसत आणि आम्ही दोघे मधून पळत असू. कोणी "नको" म्हणून पत्रावळीवर हात आडवा धरला, तर मी त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी सोडत असे. "आरं भाजलं की!" असा ओरडा झाला आणि शेजारचा हसला की मग पंगत रंगली असे आम्ही मानत असू. कोणाच्या घरात अबोला आहे, कोणाची लेक माहेरी येऊन राहिली आहे, कोणाचा खोकला जात नाही, हे सगळे मला बादली वाकवतानाच कळायचे.

२. गेल्या सुगीत खळ्यावर ज्वारी उपणताना तिवईवरून पडलो आणि खुबा निखळला. हाड बसवणाऱ्याने तो बसवला, पण वाकडा. तेव्हापासून मी ओसरीतल्या बाजेवर आहे. वर तुळईला दोर बांधला आहे, त्याला धरून उठतो, बाजेच्या कडेला उभा राहतो आणि पुन्हा बसतो. याउपर मजल जात नाही. साहेब, पाय बसला की डोके फार हिंडते. सकाळी या कुशीवर, दुपारी त्या कुशीवर, आणि सारा वेळ कान रस्त्याकडे.

३. आमच्या गावची रीत अशी की ज्याला पंगतीला येववत नाही त्याच्या घरी यजमानाने भरले ताट पोचते करायचे. ही रीत गावाने माझ्या बाबतीत एकदाही चुकवलेली नाही. त्यामुळे गावाविरुद्ध फिर्याद करायला मला तोंड नाही, आणि माझा सगळा घोटाळा इथेच आहे. यजमानाच्या घरचे कोणीतरी येते, ताट उंबऱ्यावर ठेवते, "बाबा, जेवून घ्या, लई गडबड हाय" म्हणते आणि पाठ फिरवते. मी जेवतो. माझी सून विमलबाई ताट घासते आणि रिकामे देऊ नये म्हणून गुळाचा खडा ठेवून परत पाठवते. ताट येते, ताट जाते, माणूस येत नाही. शिवाय ज्याला एकदा ताट लागले त्याच्या दारी बोलावणे येत नाही. बोलावून काय करायचे, ताट तर जाणारच आहे, असा हिशेब.

(इथे लिहिणे थांबवले होते. दारात कोणी आल्यासारखे वाटले. शेळी होती.)

४. आपण म्हणाल, अन्न तेच, मग तक्रार कशाची? साहेबांनी खेड्यातल्या पंगतीत पत्रावळीवर जेवून पाहावे. जमीन उताराची असते. येसर आमटी वाढली की ती शेजाऱ्याकडे धावते. मग घाईने भाताचा बांध घालायचा, तो फुटतो, शेजारी म्हणतो, "दादा, तुमचं पाणी आमच्या रानात आलं," आणि तिथून बोलणे सुरू होते ते विडा खाऊन होईपर्यंत संपत नाही. ताटाला काठ असतो. ताटातली आमटी कुठे जात नाही. मी तिच्याकडे बघतो आणि जेवण तोंडात फिरते. मला माणसे हवी आहेत, साहेब. हे लिहायला लाज वाटते, पण नोटीस आलीच आहे तर एकदाच काय ते लिहून टाकतो.

५. अर्जदाराला उचलून न्यावे असा उपाय आपल्या मनात येईल. तो झालेला आहे. गल्ली अरुंद, बैलगाडी आत येत नाही, म्हणून सुंदररावांच्या घरच्या बारशाला चौघांनी मला बाजेसकट उचलले. वरून ऊन होते म्हणून सुनेने अंगावर पांढरे धोतर टाकले. आम्ही कोपऱ्यावर वळलो तर परगावचे एक पाहुणे हात जोडून बाजूला उभे राहिले. त्यांनी हळूच विचारले, "कोण वारलं?" मी बाजेवरूनच सांगितले, "अजून कुणी न्हाई." पाहुणे पळाले, चौघांना हसू आवरेना आणि बाज खाली टेकवावी लागली. बारशाच्या घरी बायका फार रागावल्या. शुभकार्यात असला देखावा नको असे ठरले, आणि पुन्हा कोणी मला न्यायचे नाव काढले नाही.

६. तेव्हा मी ताटे परत देणे बंद केले. ज्याचे ताट त्याने यावे, घटकाभर बसावे, पान खावे आणि ताट घेऊन जावे, एवढीच माझी अट होती. सुनेलाही तसे बजावले. ती बिचारी मधल्यामध्ये लाजते. पण लोक हुशार निघाले. ताट अडकले तर अडकू दे, दुसरे आहे, असे म्हणून पुढच्या कार्याला दुसरे ताट पाठवू लागले. नोटिशीत ताटांचा जो आकडा आहे तो कमी आहे. मी वाद घालत नाही, मोजायला यावे.

आता फिर्यादीबद्दल. गहिनीनाथच्या नातवाच्या बारशाला सगळ्यांसारखे पितळी ताट आले असते तरी चालले असते. पण त्याने घरातले सगळ्यात चांगले, काशाचे ताट पाठवले. त्यांच्या घरात नव्या जावयाला पहिले जेवण त्याच ताटात वाढतात. आता वैशाखात त्याच्या नातीचे लग्न आहे. तो माझ्या दारापर्यंत आला. आत आला नाही. गल्लीत उभा राहून ओरडला, "बिभीषणा, ताट दे बे! जावयाला कशात वाढू?" मी म्हणालो, "आत ये, बस, मग घेऊन जा." तो म्हणाला, "बसायला येळ न्हाई." मी म्हणालो, "मग ताट बी न्हाई." सगळ्या गल्लीने हे ऐकले. इतक्या वर्षांची आमची जोडी आणि तो उंबरा ओलांडेना, याचा मला इतका संताप आला की पाण्याचा तांब्या भिरकावला. तो त्याला लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फिर्याद दिली.

बैलांना नाल ठोकायला चाँदभाई नालबंद आमच्याकडे आले होते. काम झाल्यावर ओसरीच्या कडेला टेकले. गावात एवढे एकच गृहस्थ टेकतात. मी गहिनीनाथला शिव्या दिल्या. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "भाऊ, तो कुणाच्याच घरी बसत न्हाई आता. बसला की गुडघे उठू देत न्हाईत. मागल्या पंगतीत भात वाढता वाढता खाली बसला, तवा दोघांनी बगलेत हात घालून उभा केला. तवापासून तो उभ्या उभ्याच फिरतो. लोकांनी बघितलं तर आपल्याला बी ताट लागंल, असं भ्या घेतलंय त्यानं."

हे ऐकल्यापासून मला झोप नाही. म्हणून विनंती खालीलप्रमाणे.

ताटे मी चावडीवर पाठवत नाही, सबब आपण ती जप्त करावीत. जप्तीला पंचनामा लागतो आणि पंचनाम्याला पंच लागतात. पंचांनी घरात येऊन बसावे लागते, एवढा कायदा मला कळतो. पोलीस पाटील विठ्ठलराव आणि चाँदभाई नालबंद हे पंच असावेत. बाकीचे आपण ठरवावेत, मात्र बोलके असावेत. एकेक ताट हातात घेऊन, ते कोणाचे, कोणाच्या कार्यात आले, तिथे काय काय झाले, असे सावकाश लिहावे. घाईने लिहिलेला पंचनामा मी मान्य करणार नाही. दुपार झाली तर सर्वांनी इथेच जेवावे. पत्रावळी सुनेला लावायला सांगितल्या आहेत. आमटी बसल्या जागेवरून वाढण्याचा प्रयत्न करीन.

फिर्यादीला मुद्देमाल ओळखायला हजर राहावे लागते. तेव्हा गहिनीनाथला त्या दिवशी यायचा सरकारी हुकूम व्हावा. माझ्या सांगण्याने तो येणार नाही, हुकमाला भिऊन येईल. हुकमात एवढे मात्र लिहावे की त्याने खाली बसू नये, माझ्या बाजेवर बसावे. बाज उंच आहे. तुळईचा दोर मी नवा, जाड करून घेतला आहे आणि त्याला दुसरी गाठ मारून घेतली आहे. उठताना एका गाठीला त्याने धरावे, एका गाठीला मी धरीन. पंचांनी तेवढा वेळ पंचनाम्याकडे बघावे.

हुकूम वैशाखाच्या आत व्हावा. नंतर उपयोग नाही, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी ते काशाचे ताट मला मुकाट्याने सुनेबरोबर पाठवावेच लागेल. त्या घरच्या जावयाचे जेवण मी अडवू शकत नाही. हे गहिनीनाथला पक्के माहीत आहे, म्हणून तो नुसता वाट बघत बसला आहे. बसला कुठे, उभा आहे.

आपला नम्र, केव्हाही आले तरी घरीच सापडणारा,
बिभीषण तात्याबा बहिरवाळ
मौजे पिंपळटाके
चैत्र वद्य पंचमी, फसली सन १३३०

सोबत: आपली नोटीस, परत. ताटे जोडलेली नाहीत. ती न्यायला यावे लागेल.