शेवटच्या ओळीतले नाव

टिकिम्त २६

लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. कोणाची, ते ठाऊक नाही. या कोऱ्या पानाचीच असावी. आमच्या देब्रे ताबोर गावात लिहिणे हे चर्चमधल्या विद्वानांचे काम, आणि मी नुसती वाचणारी! अम्हारिक माध्यमातून जिल्ह्यात पहिली आले, पोथ्यांची गीझ भाषा न अडखळता वाचते, पण चार माणसांसमोर उभी राहिले की जीभ टाळ्याला चिकटते. अशी मुलगी शिक्षिका झाली, हेच मुळात नवल.

शाळेला प्रोजेक्टर मिळाला आहे. सोबत एक टॅब. नववी ‘ब’ला ‘आपली औषधे, आपली चित्रे’ हा पाठ मी घ्यायचा. मुलांनी परसातल्या सतापाच्या झुडपाचे आणि पोटदुखीवरच्या मुळ्यांचे फोटो काढून आणले, भिंतीवर दाखवले तेव्हा वर्ग ओरडला, “बाई, ही तर आमच्याच कुंपणातली!” मला घाम फुटला नाही. पडद्याकडे सगळे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही – केवढी सोय!

टिकिम्त २८

मेरिगेता, म्हणजे चर्चचे पंडित, गेब्रूंकडे गेले. या भागात ताईत लिहिणारे तेच उरले आहेत. ताईत म्हणजे माणसाच्या उंचीएवढी चामड्याची पट्टी – वर प्रार्थना, मधे मधे रोखून बघणारे डोळे – गुंडाळून गळ्यात घालायची. मेरिगेता डोळे रंगवत होते, मी टॅबवर चित्रण करत होते.

“कॅमेऱ्याकडे बघू, की कामाकडे?”

“कामाकडे, मेरिगेता.”

“बरे झाले. कॅमेऱ्याला रंग लागत नाही.” मग डोळ्याच्या बुबुळावर बोट ठेवून म्हणाले, “हा आजाराने बघायचा असतो, पोरी. त्यात त्याला स्वतःचेच तोंड दिसते आणि तो पळतो.”

निघताना त्यांनी मला दारात थांबवले. चित्र दाखव, प्रार्थना दाखव, पण नाव झाक. बाप्तिस्म्याचे नाव वाईटाच्या कानावर पडले, की त्याला माणसाचे दार सापडते.

हे मला शिकवायला हवे होते का? हाकेचे नाव सगळ्यांना माहीत, पण माझे स्वतःचे बाप्तिस्म्याचे नाव फक्त आईला आणि माझ्या धर्मगुरूंना ठाऊक आहे.

टिकिम्त २९

नववी ‘ब’मधल्या सेब्लेने आईचा ताईत आणला. तिच्या आईने, झेनेबेचताईंनी, तो स्वतःहून दिला – “माझा ताईत शाळेत जाणार!” म्हणून शेजारणींना सांगत होत्या म्हणे. ताईंना नववा महिना आहे. सेब्लेनंतरची दोन्ही बाळे गेली, दोन्ही घरातच. हे बाळ पोटात आडवे आहे. नर्सने बजावले आहे, कळा सुरू होताच हॉस्पिटल. ताई कबूल झाल्या, पण ताईत गळ्यात असेल तरच घराबाहेर पाऊल टाकणार. दोन दिवसांच्या बोलीवर दिला आहे.

पट्टी उलगडली. पाच वेळा ‘तुझ्या दासीला राख’, आणि प्रत्येक वेळी पुढे नाव, लाल शाईत. टॅबवर प्रत्येक लाल नावावर काळी पट्टी ठेवली. दोनदा मोजले. पाच.

हिदार १

देवा, काय केले मी हे!

पाठ उत्तम चालला होता. इतका उत्तम, की मी पडद्याकडून मुलांकडे वळूनसुद्धा बोलत होते. चित्र बोटांनी मोठे केले, खाली सरकवले. डोळे भिंतीएवढे झाले तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघी मागे सरकल्या. कोणीतरी म्हणाले, “बाई, शेवटची ओळ वाचून दाखवा ना, गीझमध्ये कशी वाटते ते!”

मी वाचली. एका दमात, सुरात, जशी चर्चच्या वर्गात वाचत असे. आणि वाचता वाचता नाव वाचले.

अगदी तळाशी, काठाला चिकटून, सहावे. लिहिणाऱ्याची लाल शाई संपली असावी. ते काळ्या शाईत होते. मी लाल रंग शोधला होता. नाव शोधले नव्हते!

वर्गात सेब्लेखेरीज चोपन्न मुले होती. सेब्ले उभी राहिली, तिने ताईत टेबलावरून उचलला, गुंडाळला – नीट, घट्ट गुंडाळला – आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

प्रोजेक्टर बंद करायचे मला सुचले नाही. नाव भिंतीवर तसेच होते. दाराजवळ बसलेल्या एका मुलीने पुढे येऊन लेन्सवर वही धरली.

हिदार २

त्याहून वाईट. कोणीतरी पाठाचे चित्रण केले होते. कौतुकानेच – खाली लिहिले आहे, ‘आमच्या बाई बघा कशा वाचतात!’ ते मुलांच्या फोनवरच्या वर्गगटावर पडले. मी काढायला लावले. तोवर सगळ्यांनी ऐकले होते. माझाच आवाज, स्पष्ट, शुद्ध उच्चार.

सेब्ले शाळेत आली नाही.

हिदार ३

मेरिगेतांकडे धावत गेले. म्हटले, नवा ताईत लिहा, कातडे मी आणते, झेनेबेचताईंची उंची मोजून आणते, शाई घोटते, पडेल ते काम करते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. रागावले असते तर बरे वाटले असते.

“ताईत नवा करीन, पोरी. नाव नवे कुठून आणू? बाप्तिस्मा एकदाच होतो.”

हे मला सुचलेच नव्हते. इतकी पुस्तके वाचून सुचले नव्हते.

हिदार ४

मुख्याध्यापक अलेम्नेह सरांनी बोलावून घेतले. “फिकिर्ते, एवढे काय मनाला लावून घेता? आपण विज्ञानाच्या काळात आहोत. नावाने कुठे काय होते!”

माझ्या तोंडून निघाले – माझ्या! – “सर, मग तुमचे बाप्तिस्म्याचे नाव सांगा.”

सर हसले. मग खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती.

हिदार ६

झेनेबेचताई आता घराबाहेर पडायलाच तयार नाहीत असे कळले, म्हणून त्यांच्याकडे गेले. दारातून हाकलतील, ही अपेक्षा होती. त्यांनी आत घेतले. पोटावर हात ठेवून हळूहळू चुलीपाशी बसल्या, कॉफी भाजली, पहिली वाटी दिली, दुसरी दिली. तिसरी, आशीर्वादाची, ओतली नाही. भांडे बाजूला ठेवले.

मी पाठ करून आणलेले सगळे बोलले. बाळ आडवे आहे, घरी धोका आहे, डॉक्टर आहेत, रक्त आहे, मी स्वतः सोबत येते.

“माहीत आहे बाई. नर्सनेही सांगितले. तुम्ही जास्त छान सांगता.”

सेब्ले कोपऱ्यातून ओरडली, “आई, अगं ऐक ना बाईंचे!”

“मी ऐकले म्हणूनच तर ताईत दिला होता.” मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे – “रस्त्याने जाताना त्या मुलांची चोपन्न घरे लागतात. प्रत्येक घराला माझे नाव माहीत. तुमचे किती जणांना माहीत आहे हो?”

“दोघांना.”

“मग मी एकटीच उघडी.”

हे कडू बोलणे नव्हते. हिशेब मागावा तसेही नव्हते. दिवसभर उन्हात चाललेल्या बाईने ऊन आहे म्हणावे, तसे म्हणाल्या. मी उठले तेव्हा माझ्या शालीला लागलेली राख त्यांनी झटकून दिली.

हिदार ७

पाच पट्ट्या मोजल्या. दोनदा. अजूनही डोळे मिटले की मोजते.

हिदार ८

काय करायचे, ते परवाच कळले होते. दोन दिवस न कळल्याचे सोंग केले.

आईपाशी माझ्या नावाचा विषय काढला. आई इंजेराचे आंबवलेले पीठ तव्यावर ओतत होती; हात थांबला नाही. म्हणाली, “तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते नाव धर्मगुरूंनी माझ्या कानात सांगितले. तेवढ्या हळू मी आयुष्यात काही ऐकले नाही.” थोड्या वेळाने – “मला विचारू नकोस. तू विचारलेस तर मी नाही म्हणेन.”

दुपारी एक नीच विचार आला. खोटे नाव सांगितले तर? कोणाला कळणार? मरियमची दासी, मायकेलची दासी – हजार नावे आहेत! आई आणि धर्मगुरूंखेरीज कोणीही पडताळू शकत नाही. मी एक निवडलेसुद्धा. आरशासमोर म्हणून बघितले. चांगले वाटत होते. भीती अजिबात वाटली नाही.

तेव्हा समजले की ते चालणार नाही.

हिदार ९

सकाळी शाळेच्या फाटकात सेब्लेचा फोन. “बाई, कळा सुरू झाल्या! बजाज रिक्षा दारात उभी आहे, आई उंबरा ओलांडत नाही!”

तिचा फोन ठेवून मी तिथेच, फाटकाला टेकून, आवाज टिपायला फोन तोंडाशी धरला. खाली घेतला. पुन्हा धरला. मी फिकिर्ते, तुमची बाई. हे माझे बाप्तिस्म्याचे नाव आहे, आणि त्यापुढे ते नाव, खरे, सावकाश, शुद्ध उच्चारांत. नववी ‘ब’च्या गटावर पाठवले. शेजारून भाजीची गाडी चालली होती. ती ढकलणारी बाईही वळून बघू लागली.

घामाने हात इतका ओला झाला होता, की फोन सुटून मातीत पडला.

सेब्लेने नंतर सांगितले – आईने ते दोनदा ऐकले. मग म्हणाली, “चल. आता दोघी आहोत.” आणि बजाजमध्ये बसली.

डॉक्टर अजून बाहेर आलेले नाहीत. मी हॉस्पिटलच्या बाकावर आहे, सेब्ले माझ्या खांद्यावर झोपली आहे. फोनची काच तडकली, तरी माझ्या निरोपाखालची वेळ वाचता येते. पाठवले: हिदार ९, उजाडल्यापासूनचा तिसरा तास, सव्वीस मिनिटे.