चाकामागचा दगड

आबा, आम्हाला गाडी घ्यायची आहे आणि विचारायला तुम्ही नाही. तुमच्या जावयांनी आधी ट्रेलर आणून दारात उभा केला. हलकाच आहे, आत घडीच्या खाटा आणि शेगडी. गाडीमागं जोडायचा आणि वाटेल तिथं मुक्काम ठोकायचा. तो ओढायला गाडी लागते, हे त्यांना नंतर सुचलं. सगळा खटाटोप आईसाठी. म्हैसमाळला एक रात्र राहायचं, एवढंच ती मागते आहे, आणि लॉजच्या गादीला ती पाठ लावणार नाही, हे तुम्हाला काय सांगायचं!

जुन्या गाड्यांच्या दुकानात मागं हूक बसवलेल्या दोन गाड्या होत्या. दुकानदार लहानीवर थाप मारून म्हणाला, "मॅडम, आरामात ओढते." मला तुमची जीप आठवली. गुलमंडीतल्या दुकानातले कापडाचे गठ्ठे ट्रॉलीत भरून तुम्ही खुलताबादच्या बाजाराला निघायचात. घेण्याआधी ती जीप तुम्ही भरल्या ट्रॉलीसकट घाटात नेलीत आणि ऐन चढावर उभी केलीत. विकणारा वैतागला. तुम्ही म्हणालात, "चढायला सगळ्याच चढतात. थांबती का, ते बघू द्या." जीप मागं सरकली. तरी घेतलीत, कारण आई होती. तुम्ही ब्रेक दाबायचा आणि तिनं मागून उडी मारून चाकामागं दगड लावायचा. अजून दिसते मला ती, पायाशी दगड घेऊन बसलेली. एकदा घाटातून खाली किल्ला दिसला, तेव्हा मी तिला म्हणाले, "आई, किल्ला बघ ना!" तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "तिला चाकाकडं बघू दे." तेव्हा मला तुम्ही फार हुशार वाटायचात. आता त्या आठवणीनं राग येतो, आबा, खरंच येतो.

तरी परीक्षा मी तुमचीच घेतली. ट्रेलर भरला, आईला पुढं बसवलं आणि त्याच घाटात गेले. लहान गाडी थांबवताच मागं घसरली, ती परत केली. दुसरी जरा दणकट. चढावर थांबवली, हँडब्रेक ओढला, जागची हलली नाही. मी हुश्श केलं आणि वळून पाहते तर आईनं पट्टा सोडून दार उघडलेलं, एक पाय बाहेर.

"दगड कुठंय गं?"

"आई, नाय लागत आता. गाडी थांबलीय."

"नाय लागत? मग मी काय करू?"

मी नुसतं खाली बोट दाखवलं. किल्ला उन्हात उभा होता. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "लई मोठाय की गं."

तीच गाडी घेतली. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगते: डिकीत एक दगड आहे. आईला ठाऊक नाही. मीच ठेवलाय.