एडनच्या कागदाला उत्तर

रेवदंडा कोळीवाडा,
ता. १९ फेब्रुवारी १९३४

चिरंजीव कोकिळा बाय हिला आयचा आशीर्वाद.

इकडं सगळी बरी हाव. तू बरी असलीस तर नुसतं बरी हाय म्हणून लिही. दर पत्रात देवाच्या कृपेनं लिहितेस, ते कुठल्या देवाच्या ते मला कळत न्हाय.

पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. दिनानाथ मास्तरांकडून लिहून घेतलं असतं तर अक्षर चांगलं आलं असतं, पर मास्तर संध्याकाळी बाजारात सगळं वाचून दाखवतात. दुसरीपर्यंत शिकलेली बाई जेवढं लिहील तेवढं गोड मानून घे. डाव्या हातानं कागद दाबता येत न्हाय म्हणून ओळी घसरल्यात. हाताला थोडं लागलंय, काय विशेष न्हाय.

तुझं पत्र आलं आणि त्यातला मिशनचा कागदही आला. लिफाफा कुणीतरी उघडून परत चिकटवलेला होता. डिंक दोन तऱ्हेचा होता, मी बघितला. कुणी उघडला ते विचार तुझ्या मिशनच्या बाईला.

एडनला आणखी दोन वरसं राहू का, म्हणतेस. आणि कागदावर लिहिलंय की आयबापानं सही करावी. तू पंचवीस वरसांची. माझी सही कशाला पायजे त्यांना? उद्या मी भांडायला उठले तर, बाई, तूच तर दिलीस, म्हणायला मोकळे.

आणि पगार न्हाय म्हणतेस. खोली, जेवण आणि वरसाला दोन लुगडी. आम्ही पाटीभर बोंबील उचलून दिले तरी कुणी हातावर काहीतरी ठेवतं. ह्या गोऱ्या माणसांनी एवढा दर्या ओलांडून यायचं, आरबांच्या गळवांतला पू काढायचा आणि फुकट काढायचा, हे मला पटत न्हाय. पैसं घेत न्हाईत तर दुसरं काय घेतात ते लिही.

अब्दुस्समदभाई त्यांच्या गलबतावरनं एडनला गेले होते. तू दिसलीस म्हणाले, डोक्याला पांढरा रुमाल बांधून ओसरीत रोग्यांना औषध पाजत होतीस. मी विचारलं, गळ्यात क्रूस होता का? तर म्हणतात कसे, "केसरबाय, मी बायांच्या गळ्याकडं बघत न्हाय." चाळीस वरसं कापडाचा धंदा केला आणि बघत न्हाय!

तुझा बापूस सुखरूप हाय. परवाच होडी आली.

आता हाताचं सांगते. सांगायचं नव्हतं, पर इथल्या मिशनच्या दवाखान्यातली तैयबा तुला लिहीलच, आणि तिनं लिहिण्याआधी मी लिहिलेलं बरं.

मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा डाव्या तळहातात शिरला. हळद भरली, चुना लावला. चार दिवसांत हात कोपरापावेतो सुजला आणि बांगड्या मांसात रुतल्या. मोहम्मद शेठच्या वखारीत तुझ्या मिशनची बाई बुधवारी बसते, तिकडं मी जाणार नव्हते. जीव गेला तरी जाणार नव्हते. पर ताप चढला तेव्हा शेजारच्या सोनूबाईनं ढकलतच नेलं.

विलायतेची नवी बाई आलीय, सहा महिन्यांपुरती, तीही फुकटच. लालबुंद तोंड, बोटं पोरीसारखी. हात बघून काहीतरी बोलली. तैयबा म्हणाली, "मावशी, बांगड्या काढाव्या लागतील. न्हायतर हात जाईल."

मी ओरडले. तुझा बापूस दर्यावर होता, बाय. उजवा हात तर लग्नातच दर्याला दिलेला, दादल्याला दर्यानं सांभाळावं म्हणून त्यात बांगडी भरायची न्हाय. डावाही मोकळा केला तर त्याच्यासाठी राहिलं काय? मी म्हटलं, "हात जाऊ दे. तुम्हाला मी रांडव झालेली बघायचीय का?"

त्या बाईनं हत्यार उचललंच न्हाय. औषधाच्या पेटीतनं हिरव्या बांगड्यांची जोडी काढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेमसाबच्या पेटीत हिरवा चुडा कशाला? ह्याच गळानं पोरी ओढतात, असंच मनात आलं. पर तिनं दोऱ्यानं एक बांगडी माझ्या डाव्या दंडाला बांधली, वर गाठ मारली, आणि मग हातावर फडकं टाकून पकडीनं खालच्या फोडल्या.

"हे कुणी शिकवलं हिला?" मी विचारलं.

"तुमच्या कोकिळानं," तैयबा म्हणाली. "एडनला जायच्या आधी इथं भिंतीवर कागद लावून गेली. कोळणीची बांगडी फोडायची तर आधी दुसरी बांधायची. दादला दर्यावर असताना तिचा हात घडीभरही रिकामा ठेवायचा न्हाय. वाचून दाखवू?"

नको म्हटलं. पू काढताना रडले न्हाय ती तेव्हा रडले. बाईला वाटलं दुखतंय.

कोकिळा, आता जे नऊ वरसं लिहिलं न्हाय ते लिहिते. कार्तिकातल्या त्या वादळात तुझ्या दादल्याची, कान्हाची होडी तीन दिवस आली न्हाय. किनाऱ्याला फुटकी डोलकाठी लागली. तुझी सासू चंद्राबाई सकाळी चारचौघींत तुझा चुडा फोडणार, हे मला कळलं होतं. तमाशा नको म्हणून आदल्या, तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी चुलीपाशी बसवून मीच वरवंट्यानं फोडला. तुझ्या मनगटाला काच लागली. पाचव्या दिवशी त्याच होडीवरचा येसाजी फळीवर जिता आला आणि म्हणाला, चवथ्या दिवशी सकाळपावेतो कान्हा बोलत होता, मग बुडाला.

चंद्राबाईनं विचारलं, "जित्या माणसाचा चुडा कुणी फोडला?" मी खाली बघितलं. तू म्हणालीस, "मी."

मी तुला बोलू दिलं. तू चुडा फोडलास म्हणूनच कान्हा गेला, असं म्हणत गाव थुंकलं ते थुंकू दिलं. मिशननं पोर पळवली म्हणून सगळ्यांना सांगत फिरले. मिशननं न्हाय पळवली.

परवा होडी लागली. वाळूवर मासळीचे वाटे पडत होते, सगळी होती. तुझ्या बापसाला आणि चंद्राबाईला मी तिथंच सांगितलं. तुझा बापूस जाळं तसंच टाकून घरी गेला. अजून माझ्याशी बोलत न्हाय. चंद्राबाईनं हातातली पाटी वाळूवर ठेवली. मग म्हणाली, "नऊ वरसं मी त्या पोरीच्या नावानं बोटं मोडली, केसर. आता तुझ्या नावानं मोडायला बोटांत जोर न्हाय." आणि वाटा न घेता गेली.

मिशनच्या कागदावर मी सही केलीय, ह्या लिफाफ्यात हाय. पैसं न घेता ती माणसं काय घेतात ह्याचा संशय माझा अजून गेलेला न्हाय, जायचा पण न्हाय. पर राहायचं तर ते काम तुला आवडतं म्हणून राहा. इथं तुला कुणी तोंड वर करू देणार न्हाय म्हणून राहत असशील, तर ते आता खरं न्हाय. आणि माझं तोंड बघायचं न्हाय म्हणून राहत असशील, तर तसं साफ लिही. दुसऱ्याकडून वाचून घेणार न्हाय, मीच वाचीन.

जिच्यापायी तुला खोटं बोलावं लागलं ती,
तुझी आय
केसर