भाईच्या कुणग्यातली भुकटी

मसुरे,
१२ डिसेंबर २०२५

चि. तन्वी हिस अनेक आशीर्वाद.

इथे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, भात झोडून झालं. तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलवेना, म्हणून पोस्टाने लिहिते.

तुझे सर प्रयोग गुंडाळायला सांगतात म्हणे! तीन पावसाळे तू भाताच्या एका कुणग्यात, एका वाफ्यात, काळ्या दगडाची भुकटी टाकलीस, ती हवेतला किती कार्बन धरते ते मोजलंस. आता म्हणतात, भुकटीचा कुणगा आणि तुलनेसाठी कोरा ठेवलेला कुणगा, दोन्हींतल्या पाण्यात कार्बन सारखाच, म्हणजे भुकटी निकामी. हे गृहस्थ एकदाच आले, तेही बूट भिजतील म्हणून बांधावरूनच परतले. आणि तू लगेच पीएचडी सोडायला निघालीस?

सरांवर तोंडसुख घेतलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

तू चिठ्ठ्या टाकल्यास तेव्हा भुकटी माझ्या वाट्याच्या कुणग्याला आली आणि कोरा राहिला तुझ्या बाबांचा, भाईचा. वडिलांच्या जमिनीत मी वाटा मागितला, तेव्हापासून भाई माझ्याशी बोलत नाही. त्या पहिल्याच लावणीला मजुरीवर आलेली सुभद्रा सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "बाय, तुमच्या कुणग्याक औषध, मगे भाईच्या कुणग्यान काय पाप केल्यान?"

मी म्हटलं, "अगो, तुलनेसाठी तो तसाच ठेवायचा असतो."

"म्हणजे एकाक जेवूक घालूचा नि दुसऱ्याक उपाशी ठेवूचा?"

बायका फिदीफिदी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी सुभद्रेला उरलेल्या पोत्यांतली भुकटी भाईच्या कुणग्यात पसरायला लावली. पुढची दोन्ही वर्षंही. तू पुण्याला परतलीस की लगेच.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कोरा म्हणजे काय, हे मला कळत होतं. बहिणीने जमीन घेतली आणि वर भावाचं पीकही मागे पाडलं, असं गावाने म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, चूक कबूल करताना 'पण' म्हणायचं नाही. म्हणून इथेच थांबते.

तुझी भुकटी निकामी ठरलेली नाही, तन्वी. ती दोन्हीकडे होती. हे पत्र सरांना दाखव. अहवालात 'शेतमजुरांची चूक' असं लिहू देऊ नकोस. सुभद्रेने मी सांगितलं तेवढंच केलं. माझं नाव घाल. भाईला कळलं तर कळू दे.

पीएचडी सोडू नकोस. पुन्हा कुणगे आखशील तेव्हा माझ्या जमिनीत आखू नकोस. मी रागावणार नाही.

तुझी तीन वर्षं मातीत घालणारी,
सुगंधा आते