स्वयंपाकघराकडचं अर्धं घर

मी, थर्झा व्हॅचर, कै. अझराया व्हॅचर यांची मुलगी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी मासळीच्या कारखान्यात कामाला, राहणार हॅरोज आर्म, न्यूफाउंडलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्याच हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. माझी धाकटी बहीण एफी हिने अल्बर्टाहून फोन करकरून प्रयत्न केला, तो फुकट गेला. समोर पहिला साक्षीदार म्हणून दुकानदार एलायझर स्किफिंग्टन बसला आहे आणि माझा चहा संपवतो आहे. दुसरा साक्षीदार आणायला भाची मार्सेला गाडी घेऊन गेली, तिला बराच वेळ झाला. मी दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले, म्हणून अक्षर वाकडं आहे.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. "पोरं शहाणी आहेत, घेतील वाटून," असं ते म्हणायचे. पोरं किती शहाणी निघाली ते घराच्या पूर्वेच्या भिंतीकडे पाहिलं की कळतं.

कलम १. घर. माझ्या मालकीचं अर्धं घर आहे. अर्धं म्हणजे कागदावरचं अर्धं नव्हे, खरोखरचं. वडील गेल्यावर कोर्टाने थोरला म्हणून माझा भाऊ गार्लंड याला मिळकतीचा व्यवस्थापक नेमलं, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी कोर्टासारखं बोलू लागला. एफी आपला वाटा रोख घेऊन पश्चिमेला गेली. घर उरलं गार्लंडचं आणि माझं, निम्मं निम्मं. त्याचं नवं लग्न झालेलं, त्याला घर हवं होतं. मी त्याच घरात वडिलांचं शेवटपर्यंत केलेलं, मलाही हवं होतं. पाद्रीबुवा मध्ये पडले आणि दोघांच्याही शिव्या खाऊन गेले. शेवटी याच टेबलाशी गार्लंड म्हणाला, "अर्धं घर माझं आहे, थर्झे."

मी म्हणाले, "मग उचल आणि घेऊन जा."

दुसऱ्या कुठल्याही मुलखात हा नुसता टोमणा ठरला असता. पण आमच्या किनाऱ्यावर घरं हलतात. चांगली जागा मिळाली की लोक घराखाली ओंडके घालतात, दोर बांधतात आणि गावाला हाक मारतात. फेब्रुवारीत खाडी गोठली तेव्हा गार्लंड करवत घेऊन आला. छपरापासून जोत्यापर्यंत त्याने घर कापलं, आणि अख्खा गाव गाणी म्हणत पूर्वेकडचा भाग बर्फावरून पलीकडच्या काठाला ओढून घेऊन गेला. बैठकीची खोली गेली, जिना गेला. चूल आणि धुराडं माझ्याकडे राहिलं. माझ्या वाट्याला वर दोन खोल्या आल्या, पण वर जायला काही नाही. तेव्हापासून मी शिडीने चढते. म्हणजे चढत होते. आता स्वयंपाकघरातल्या दिवाणावर झोपते.

संध्याकाळी तेच लोक माझी उघडी बाजू बंद करायला आले. गार्लंडही आला. बाहेरून तो खिळे मारत होता आणि आतून मी फळी धरली होती. एक शब्द बोललो नाही, ते आजतागायत. जिन्याकडे जायचं मधलं दार तेवढं त्याच्याकडून खिळे मारायचं राहून गेलं. ते आता बाहेरच्या गवतावर उघडतं. मी त्याला आतून कडी लावते आणि बिजागऱ्यांना तेल देते. का देते ते विचारू नये.

तर हे अर्धं घर माझ्या पश्चात गार्लंडला मिळावं. प्रेमाचा यात काही संबंध नाही. त्याची बायको गेली, मागल्या शरद ऋतूत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. त्याचा भाग पहिल्यापासून गार, कारण धुराडं माझ्याकडे, त्याच्याकडे नुसता पत्र्याचा नळ. ज्या जिन्यासाठी एवढं केलं, तो जिना त्याला आता चढवत नाही. एफी म्हणते त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवा, दोन्ही भाग ओंटारियोच्या लोकांना विका, ते उन्हाळ्यात येऊन राहतील. गार्लंड वृद्धाश्रमात आठवडाभरही टिकणार नाही. तिथे त्याला भांडायला कोण मिळणार?

मी रोज उठल्यावर आधी पलीकडचा धूर बघते. गेल्या मंगळवारी उजाडून बराच वेळ झाला तरी धूर दिसेना. मी कोट घालून खिडकीशी उभी राहिले. मग धूर निघाला आणि मी कोट काढला. हिवाळाभर इथे चुलीपाशी येऊन राहा, असा निरोप मी मार्सेलाबरोबर धाडला होता. उत्तर नाही. पुन्हा धाडला, पुन्हा उत्तर नाही. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, हीच त्यातली गैरसोय आहे. मी मेल्यावर हे घर त्याचं होईल हे खरं, पण त्याआधी तोच गेला तर मी हे कोणासाठी लिहिते आहे?

कलम २. एफीला माझी शिडी द्यावी. ओंटारियोच्या लोकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आहे, उतरायला उपयोगी पडेल.

कलम ३. वडिलांची होडी आणि जाळी मार्सेलाला, म्हणजे गार्लंडच्या मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती कमी बोलते, आणि आमच्या घरात तसं दुसरं कोणी नाही. बँकेत जे असेल त्यातून मला पुरावं. उरलं तर खारा मासा आणि बटाट्याचं जेवण गावाला घालावं. एलायझरला दुसऱ्यांदा वाढू नये.

कलम ४. येथपर्यंत लिहिलं आणि दार वाजलं. आमच्याकडे परका सोडून कोणी दार वाजवत नाही. मी ओरडले, आत या. मार्सेला आत आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गार्लंड. मला दुसरा साक्षीदार हवा होता, तो तिने हा आणला.

"परक्यासारखं दार काय वाजवतोस?" मी विचारलं. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते.

मी त्याला सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. तू सही केलीस तर कलम एक गेलं. ते काय आहे म्हणाला, म्हणून मार्सेलाने वाचून दाखवलं. गार्लंड चुलीकडे पाठ करून ऐकत होता.

"माझं अर्धं मी नेलंय," तो म्हणाला. "हे पोरीला दे."

मग तो मधल्या दाराशी गेला आणि चौकटीवरून हात फिरवू लागला. मी म्हणाले, याला खिळे मारायचे तुझ्याकडून राहून गेले होते.

"राहून गेले नव्हते," तो म्हणाला.

एलायझरने विनाकारण खोकून घेतलं.

कलम ५. म्हणून कलम १ मध्ये गार्लंडच्या जागी मार्सेलाचं नाव वाचावं. मधल्या दाराला तिने कधीही खिळा मारू नये. गार्लंडने बूट काढले आहेत आणि तो माझ्या दिवाणावर बसला आहे. मार्सेला त्याची पांघरुणं आणायला गेली. दिवाणावर कोणी झोपायचं हा वाद सुरू झाला आहे, तो या मृत्युपत्राने मिटत नाही.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला, सर्वांना तो ऐकू गेला, आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. साक्षीदारांनी आपापले पत्ते स्वतःच सांगितले, मी फक्त उतरवून घेतले.

ठिकाण: हॅरोज आर्म
दिनांक: ७ नोव्हेंबर २०१९

सही: थर्झा व्हॅचर

साक्षीदार:
१. एलायझर स्किफिंग्टन, दुकानदार, राहणार हॅरोज आर्म, धक्क्याजवळ.
२. गार्लंड व्हॅचर, मृत्युपत्र करणारीचा भाऊ, राहणार हेच घर, पूर्वेकडचा भाग.