व्याह्यांच्या अपिलाचा खर्च

मु. पो. काष्टी,
फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप आप्पासाहेब दाजी यांच्या चरणी आसारामचा दंडवत. लंकाअक्काची कंबर आता कशी आहे? देवळालीला थंडी ओसरली असेल. इकडं सगळ्यांच्या तब्येती ठीक असून माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

आमचे शेजारी सूर्यभान यांना देशी दारूच्या दुकानाचं लायसन मिळालं आणि दुकान नेमकं शाळेसमोर निघणार, म्हणून मी वरच्या साहेबांकडं अपील केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता तारखा नगरला आणि तिथं वेळेवर पोचवणारी एसटी एकच, त्यामुळं भांडणारे दोघंही एकाच बाकावर. पहिल्या तारखेला आम्ही एकमेकांकडं पाठ करून बसलो. दुसऱ्या तारखेला त्यांनी माझ्या भाकरीवर आपला ठेचा घातला. (ठेचा झकास होता, हे मला अपिलात लिहिता आलं नाही.) पुढं पुढं तारीख पडली की मला आनंदच व्हायला लागला. शेवटी दुकान शाळेपासून लांब न्यायचं त्यांनी कबूल केलं, आणि वकिलांच्या नकळत आमची रतन त्यांच्या सहादेवला द्यायचं ठरलं. रतनला विचारलं तर लाजली वगैरे नाही, थेट "व्हय" म्हणाली.

व्याह्यावर अपील कसं चालवायचं? मागं घेतलं. तर साहेब म्हणाले, समोरच्याला झालेल्या खर्चाचं काय? मी उभा राहिलो. "मुलीचा बाप हाय साहेब, मी देतो." तसे सूर्यभान उसळले, "व्याह्याकडनं पैसं घेऊ? गाव म्हनंल हुंडा घेतला! उलट त्यांचाच खर्च मी देतो." मी म्हणालो, लेकीच्या सासरचा पैसा आमच्या घरात चालत नाही. दारूवरून कधी चढला नव्हता एवढा आवाज दोघांचाही चढला. दोन्ही वकील (आपल्या अशिलासाठी काय मागायचं तेच त्यांना कळेना) हळूच खाली बसले. साहेबांनी वैतागून हुकूम केला, की आसारामनं सूर्यभानला पन्नास रुपये द्यावेत. म्हणजे मी जिंकलो!

मी पैसे पुढं केले, तर सूर्यभाननी हात पाठीमागं बांधले. पावतीशिवाय कारकून प्रकरण मिटवीना. मग सूर्यभाननी त्या हुकमावरच अपील ठोकलं, की मला पैसे देववले हा माझ्यावर अन्याय आहे! त्याचा निकाल लागेपर्यंत लग्नाची तिथी धरायची नाही म्हणतात. रतन माझ्याशी बोलत नाही, ताट आपटून वाढते. पोरीबद्दल गावात कुणी काही वाईटसाईट बोलायला नको, एवढीच धास्ती आहे.

अक्काला नमस्कार, लहानांना पापे.

आपला मेहुणा,
आसाराम

ता. क. तुम्ही येऊन सूर्यभानांना समजवा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आणखी ता. क. येऊ नका. पत्र पाकिटात घालेपर्यंत रतन स्वतःच पैसे घेऊन होणाऱ्या सासूकडं, रंगुबाईंकडं गेली. रंगुबाईंनी पैसे कमरेला खोचले, नवऱ्याच्या वतीनं पावतीवर अंगठा उठवला आणि लायसन चुलीत घातलं. म्हणाल्या, "सून येनार हाय घरात. दारू इकायची आसंल त्यानं भाईर व्हावं." सूर्यभान बाहेर झाले ते थेट आमच्या ओसरीवर. मुलीच्या बापाला व्याह्यांना 'उठा' म्हणता येत नाही, आणि त्यांना दोन्ही वेळा तूप लागतं. तरी त्यांना चार दिवस तुमच्याकडं ठेवून घ्या. हे पत्र तेच घेऊन येत आहेत, तेव्हा त्यांच्यादेखत मोठ्यानं वाचू नका.