कापसामागची भिंत

माय,

१. गेल्या हंगामाचा कापूस दादाने भाव वाढेल म्हणून मधल्या खोलीत भिंतीला लावून रचला.
२. पावसाळाभर तो तिथेच राहिला.
३. दसऱ्याआधी कापूस हिंगणघाटला गेला. मागची भिंत कमरेइतकी काळी निघाली.
४. दादाची दोन्ही मुलं त्याच खोलीत निजत. धाकटीला धाप लागते.
५. त्या भिंतीवर तू काढलेले पोळ्याचे बैल आहेत.

तू गेल्यापासून ते कोणी पुसले नाहीत. वहिनी दर सणाला भोवतालची भिंत सारवते, बैल तेवढे सोडते. मुलांचे हात लागू नयेत म्हणून दादाने कापूस नेमका त्याच भिंतीला लावला होता. ओल कोंडली, वारा शिरला नाही. शेणामातीच्या गिलाव्यात बुरशीला खायला भरपूर असतं. आता बैलांची पोटं आणि पाय काळे आहेत. शिंगं शाबूत आहेत.

दादा म्हणाला, "वरून चुना मारून देऊ. मायच्या हातचं आहे ते, खरडू नको."

वहिनी चुलीपासूनच बोलली, "पोरगी रातभर खोकून राह्यली, अन् तुमाले बैलाईची पडली! चारा टाका मंग त्याईले."

मग दोघंही माझ्याकडे बघू लागली, कारण नागपूरला मी हेल्थ व्हिजिटरचं, घरोघरी जाऊन आरोग्य तपासण्याचं, शिक्षण घेतलं आहे. मी सांगितलं ते बरोबरच होतं: वरून चुना मारला तर बुरशी पुन्हा फुटेल. भिंत ओली करून गिलावा विटेपर्यंत काढायचा, मुरवलेल्या चुन्याचा नवा लावायचा, समोर खिडकी पाडायची, नवा कापूस भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा. मुलांना मी त्याच दिवशी ओसरीत निजवलं. पण आता थंडी पडू लागली आहे, आणि ओसरी उघडी आहे.

तू ते बैल काढलेस तो दिवस मला आठवतो. तू काडीला चिंधी गुंडाळून गेरूत बुडवतेस. मी मागे उभी राहून बोटांवर मोजते आहे.

"काय मोजून राह्यली वं?"

"माय, याले पाच पाय आहेत."

"चालून राह्यला तो. चालत्याचे पाय मोजते काय कोणी? जाय, शेण आण."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पटत नाही. त्या बैलाचे चार पाय बुरशीत गेले आहेत. पुढे टाकलेला पाचवा तेवढा दिसतो.

लोकांच्या घरी अशी भिंत दिसली की मी एक दिवस थांबू देत नाही. इथे गवंडी दोनदा येऊन परत गेला. चुना अजून मुरला नाही, असं मी त्याला सांगितलं. चुना केव्हाच मुरला आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. माझ्या पेटीतच राहील. गवंड्याला सोमवारी सकाळी बोलावलं आहे, आणि या वेळी त्याला परत पाठवणार नाही. तुझं काही म्हणणं असेल तर रविवारपर्यंत कळव.